कागद आधी, सही नंतर

मुद्राचित्रं (कोरलेल्या प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं), रेखाटनं आणि जुने ग्रंथ लिलावात घेणाऱ्यांसाठी हे सदर आहे. येणाऱ्या बहुतेक पत्रांना फोटो जोडलेला असतो तो फक्त सहीचा. सही, आणखी जवळून सही, सहीतलं शेवटचं अक्षर. माझी उमेदीची सगळी वर्षं जुने कागद धुण्या-सांधण्यात गेली, त्यामुळे मी आधी कडा बघते, पाठ बघते, उजेडाकडे धरून बघते. सहीकडे नजर जाते ती सर्वांत शेवटी. तेव्हा पत्र लिहिताना पाठीचा फोटोही जोडा, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

प्रश्न : एका लिलावात रेम्ब्रांटचं एचिंग आलं आहे आणि अंदाजित किंमत चक्क माझ्या आवाक्यातली आहे. कॅटलॉगमध्ये ‘नंतरची छाप’ असं लिहिलंय. हे खोटं असेल का?

खोटं असेलच असं नाही. रेम्ब्रांट १६६९ साली गेला, पण त्याच्या बऱ्याच तांब्याच्या प्लेट मागे राहिल्या. त्या हातोहात फिरत राहिल्या. १७८६ च्या सुमारास पॅरिसच्या बासां नावाच्या प्रकाशकाने त्यांतल्या कितीतरी विकत घेतल्या आणि त्यांवरून धडाक्याने छपाई केली. त्याच्या वारसांनी केली, पुढे आणखी लोकांनी केली, अगदी १९०६ मध्येही केली. म्हणजे प्लेट अस्सल, रेषा मुळात त्याच्याच हाताची, पण छापलेला कागद त्याच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे किंवा अडीचशे वर्षांनी निघालेला. कॅटलॉगने ‘नंतरची’ म्हटलं असेल तर त्याने तुम्हाला फसवलेलं नाही. उलट स्वस्ताईचं कारणच सांगून टाकलंय.

फरक कुठे पडतो ते बघा. एचिंगमध्ये रेषा आम्लाने खोदली जाते, ती तशी टिकाऊ असते. पण रेम्ब्रांट त्यावर अनेकदा ड्रायपॉइंट वापरायचा, म्हणजे सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढायचा. त्या ओरखड्याच्या काठाला तांब्याची बारीक खरबरीत कड उभी राहते, ती शाई धरते आणि कागदावर मखमलीसारखी काळी सावली उमटते. छापखान्याच्या दाबाखाली ही कड काही डझन प्रतींतच झिजून जाते. मग सावलीच्या जागी नुसती करडी रेघ उरते, किंवा कुणीतरी ‘सुधारणा’ म्हणून ती पुन्हा खोदलेली असते. ह्या सुधारणांचा मला मनापासून राग येतो. रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डरचं चित्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लेटचं उदाहरण घ्या. अठराव्या शतकात ती कॅप्टन विल्यम बेली नावाच्या आयरिश हौशी माणसाकडे गेली. त्याने झिजलेली प्लेट स्वतःच्या हाताने पुन्हा कोरली, प्रती छापल्या आणि नंतर प्लेटचे चक्क चार तुकडे करून तेही वेगवेगळे छापले. त्या तुकड्यांच्या प्रती आजही लिलावात येतात आणि नाव अर्थातच रेम्ब्रांटचं लागतं.

पण ‘मृत्यूनंतरची छाप’ ही दर वेळी शिवी नसते. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धावरच्या ८० चित्रांची मालिका घ्या. तो १८२८ मध्ये गेला आणि मालिकेची पहिली आवृत्ती निघाली १८६३ मध्ये. त्याच्या हयातीत आवृत्ती निघालीच नाही, मोजक्या चाचणी-छापा तेवढ्या निघाल्या. तिथे १८६३ ची प्रत म्हणजे पहिली आवृत्तीच. नंतरच्या आवृत्त्या मात्र उतरत्या भाजणीने फिक्या होत जातात. म्हणून लिलावघराला ‘अस्सल आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. कोणती अवस्था (प्लेटमध्ये बदल होत गेले, त्यांतल्या कोणत्या टप्प्यावरची छाप), कोणती आवृत्ती, कागदावर जलचिन्ह (कागदातच असलेली, उजेडाला धरल्यावर दिसणारी खूण) आहे का, असल्यास कोणतं, कडा कापल्या आहेत का, प्लेटच्या दाबाची खूण चारही बाजूंना दिसते का, हे सगळं लेखी विचारा. पाठीमागून उजेड सोडून काढलेला फोटो मागा. चांगलं लिलावघर तो देतं. देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

आवाक्यात आहे आणि चित्र आवडलंय, तर जरूर घ्या. ‘नंतरची’ छाप नंतरच्या भावात घेण्यात कमीपणा कसला?

प्रश्न : १२/७५ (म्हणजे ७५ प्रतींतली बारावी) असा आकडा असलेली प्रत ७०/७५ पेक्षा चांगली मानायची का? आणि पेन्सिलीने सही आहे म्हणजे अस्सलच ना?

पहिल्याचं उत्तर : नाही. प्रती वाळवायला टांगल्या जातात, गठ्ठ्यात उलट्यासुलट्या होतात, चित्रकार सवडीने बसून आकडे घालतो. छापल्याचा क्रम आणि आकड्यांचा क्रम जुळेलच असं काही नाही. प्रत समोर ठेवून तिची शाई बघा.

दुसऱ्याचं उत्तर त्याहूनही ठाम : नाही. पेन्सिलीची सही पेन्सिलीने कुणीही करू शकतं, आणि खरी सही खोट्या चित्राखालीही असू शकते. साल्वादोर दालीने उतारवयात कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या केल्या आणि मग त्या कागदांवर कुणी काय छापलं याला धरबंध राहिला नाही. त्यामुळे दालीच्या उत्तरार्धातल्या छापांचा बाजार आजतागायत गढूळ आहे. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सहीवर न धरता चित्रावर धरा. सारख्या अंतरावरचे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसले तर ते छापखान्यातलं ऑफसेट पुनर्मुद्रण आहे. ठिपके नाहीत म्हणून लगेच हुरळूनही जाऊ नका. कोलोटाइपमध्ये ठिपके नसतात, सुरकुतल्यासारखा बारीक पोत असतो, आणि तेही फोटोवरूनच केलेलं पुनर्मुद्रण असतं.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावून बघता आला तर उत्तम. साधारण १९५० पासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले, आणि ती त्या दिव्याखाली निळसर झळाळतात. १९२० सालची म्हणून विकायला आलेली प्रत अशी झळाळली, तर तिथे सहीचा विषय संपला.

प्रश्न : लिलावात एक रेखाटन घेतलं, लाल खडूतलं. खालच्या कोपऱ्यात कागदावर दोन अक्षरांचा बारीक शिक्का आहे. घरातले म्हणतात, चित्राचा बेरंग झालाय, पुसून घ्या. पुसता येईल का?

बाई, हात लावू नका! पत्र वाचून मी खुर्चीतून उठले होते.

तो शिक्का म्हणजे बहुधा जुन्या संग्राहकाची खूण आहे. आपल्या संग्रहातल्या रेखाटनांवर आणि मुद्राचित्रांवर असे शिक्के मारण्याची युरोपात जुनी रीत होती. फ्रिट्स लुख्त नावाच्या डच जाणकाराने आयुष्य घालवून हे शिक्के गोळा केले आणि १९२१ मध्ये त्यांचा कोश काढला. १९५६ मध्ये पुरवणी आली. प्रत्येक शिक्क्याला क्रमांक आहे, आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये लुख्तच्या नावाचं आद्याक्षर व पुढे आकडा दिसतो तो हाच. पॅरिसमधल्या त्याच्या संस्थेने, फोंदासियाँ कुस्तोदियाने, हा सगळा कोश इंटरनेटवर मोफत खुला ठेवलाय. आकार, अक्षरं, रंग टाकून शोधा. तासाभरात पत्ता लागायला हरकत नाही.

शिक्का काय काय सांगतो याचा एक नमुना. सर पीटर लेली हा इंग्लंडच्या दरबारातला चित्रकार, मोठा संग्राहक. त्याच्या रेखाटनांवर त्याची आद्याक्षरं आहेत, पण ती त्याने मारलेलीच नाहीत. तो १६८० मध्ये वारला, डोक्यावर कर्ज होतं, आणि मृत्युपत्राची व्यवस्था बघणाऱ्या रॉजर नॉर्थने लिलावाआधी हजारो कागदांवर तो शिक्का मारला. म्हणजे ‘लेलीच्या मालकीचं’ आणि ‘१६८० नंतर विकलं गेलेलं’ अशा दोन गोष्टी त्या इवल्या खुणेवरून कळतात. तुमचा शिक्का इतका मानाचा नसेलही. तरी तो तुमच्या कागदाच्या वंशावळीतलं एक नाव आहे, आणि पुसायला गेलात तर लाल खडू आधी जाईल.

एक शंका अशीही काढावी लागते की शिक्केही नकली मारले जातात. आणि एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचा किंवा संग्रहालयाचा शिक्का निघाला, तर ‘जादा प्रत, विक्रीस काढली’ अशा अर्थाची दुसरी खूण सोबत आहे का ते बघा. नसेल तर आधी त्या संस्थेला पत्र टाका.

तुमच्या कॅटलॉगच्या पानाचा फोटोही पाहिला. तिथे चित्रकाराच्या नावाआधी ‘वर्तुळातील’ आहे, ‘संभाव्य’ नव्हे. ह्या शब्दांना वजन असतं. नुसतं नाव असेल तर लिलावघर म्हणतं, आमच्या मते हे त्याचंच. ‘संभाव्य’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘कार्यशाळेतील’ म्हणजे त्याच्या देखरेखीखालचं. ‘वर्तुळातील’ म्हणजे त्याच काळातल्या, त्याचा प्रभाव असलेल्या दुसऱ्या कुणाचं. ‘शैलीतील’ म्हणजे कधीचंही. ‘वरून’ म्हणजे नक्कल. तसंच ‘सही केलेले’ आणि ‘वर सही आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्यात सही कुणी केली याची हमी कोणी घेत नाही. कॅटलॉगच्या शेवटी बारीक टाइपात ह्या शब्दांचे अर्थ छापलेले असतात. बोली लावण्याआधी ते पान वाचायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

प्रश्न : सतराव्या शतकातला लॅटिन ग्रंथ घेतला. पानांच्या तळाशी अक्षरं आहेत, त्यांत I नंतर एकदम K येतं. J चा अख्खा फर्मा गायब आहे. कॅटलॉगमध्ये ‘सर्व दोषांसह, परत घेतला जाणार नाही’ असं होतं. आता काय करू?

पेढे वाटा. काही गायब नाही.

ती अक्षरं पुस्तक बांधणाऱ्याच्या सोयीसाठी असत, फर्मे (एकच कागद दुमडून झालेले पानांचे जुडगे) क्रमाने लागावेत म्हणून. जुन्या छापखान्यांत त्यासाठी २३ अक्षरांची लॅटिन वर्णमाला वापरत. I आणि J मिळून एक, U आणि V मिळून एक, W नाहीच. Z झाला की Aa पासून पुन्हा सुरुवात. तुमच्या पुस्तकात V नंतर X येईल, तेव्हाही घाबरू नका.

मात्र मोजणी सोडू नका. प्रत्येक फर्म्यात किती पानं आहेत ते बघा. कागद दोनदा दुमडलेल्या चौपत्रीत साधारण चार, तीनदा दुमडलेल्या अष्टपत्रीत आठ. मधेच एखाद्या फर्म्यात तीन भरली तर शिवणीजवळ कापलेल्या पानाचा काठ दिसतो का ते तपासा. नकाशे आणि चित्रपानं वेगळी मोजा, कारण चोरी तिथेच होते. एक पान फाडून, चौकटीत घालून विकलं की पैसे जास्त मिळतात. मग त्याच आवृत्तीच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयातल्या प्रतीच्या वर्णनाशी ताडून बघा.

कागदही वाचा. हातसाच्याच्या जुन्या कागदात उजेडाला धरल्यावर समांतर रेघा दिसतात, काही दाट आणि त्यांना छेदणाऱ्या काही दूरदूर. दूरदूरच्या रेघा एकदाच दुमडलेल्या दोनपत्रीत उभ्या आणि चौपत्रीत आडव्या जातात. अशा रेघा नसलेला सपाट विणीचा कागद युरोपातल्या छापील पुस्तकात पहिल्यांदा आला तो १७५७ मध्ये, जॉन बास्करव्हिलने व्हर्जिलची कविता छापली तेव्हा. म्हणजे तुमच्या ग्रंथात एखादंच पान बिनरेघांचं निघालं, तर ते नंतर घुसवलेलं आहे. बहुतेक वेळा ते शीर्षकपानच असतं.

एवढी खटपट कशाला, असं वाटत असेल तर गॅलिलिओचं उदाहरण ऐका. चंद्र आणि गुरूच्या उपग्रहांवरचं त्याचं पुस्तक १६१० मध्ये व्हेनिसला निघालं. २००५ मध्ये त्याची एक प्रत बाजारात आली. तिच्यात छापील चित्रांच्या जागी हाताने रंगवलेले चंद्र होते, खुद्द गॅलिलिओच्या हातचे म्हणे. मोठमोठ्या विद्वानांनी ती अस्सल ठरवली, तिच्यावर ग्रंथ लिहिले. २०१२ मध्ये ती बनावट ठरली. शंकेची सुरुवात शीर्षकपानावरच्या ग्रंथालयाच्या शिक्क्यापासून झाली. तो त्याच संग्रहातल्या इतर पुस्तकांवरच्या शिक्क्याशी जुळेना. सगळे चंद्राकडे बघत बसले होते.

प्रश्न : बोली १००० वर थांबली आणि बिल १३०० चं आलं. हे कसं?

हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघर खरेदीदाराकडूनही दलाली घेतं. क्रिस्टीज आणि सदबीज यांनी १९७५ मध्ये लंडनला हे सुरू केलं, त्यावरून बराच गदारोळ झाला आणि मग सगळ्यांनीच उचललं. तुमच्या बिलात २५ टक्के दलाली, म्हणजे २५०, आणि त्या दलालीवर २० टक्के कर, म्हणजे ५०. पाठवणी आणि विमा अजून यायचाय. मर्यादा ठरवताना ही बेरीज उलटी करा : खिशात १३०० असतील तर बोली १००० वर थांबवायची. मर्यादा आधीच लेखी कळवून ठेवली असेल तर फार बरं. दोघांची लेखी बोली सारखी निघाली तर सहसा आधी आलेली धरतात, म्हणून शेवटच्या तासाची वाट पाहू नका.

प्रश्न : घेतलेलं एचिंग चौकटीत बसत नाही. पांढरी कड थोडी कापली तर चालेल?

नाही. चौकट बदला. आणि पाठीला चिकटपट्टी लावलेली असेल तर ती स्वतः ओढून काढू नका. तिचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो, आणि पट्टीबरोबर कागदाचा पापुद्राही निघतो. ते काम माझ्यासारख्या एखाद्या कागद दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. नव्याने बसवताना आम्लरहित पुठ्ठा, गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या वरच्या कडेला, आणि चित्र काचेला टेकणार नाही एवढं अंतर. उन्हाच्या भिंतीवर लावू नका.