सर्व्हर नीट चालतोय, मग अपाचे (वेबसाइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) अपडेट कशाला करायचं?

चालतोय म्हणजे सुरक्षित आहे असं नाही हो. सप्टेंबर २०२१ मध्ये अपाचे २.४.४९ आलं. त्यात यूआरएल तपासणाऱ्या कोडमध्येच चूक होती. यूआरएलमध्ये टिंबाचं सांकेतिक रूप (%2e) घातलं आणि सेटिंग ढिलं असलं, की वेबसाइटच्या फोल्डरबाहेरच्या फायली वाचता यायच्या. ऑक्टोबरात २.४.५० आलं, तीही दुरुस्ती अर्धवट निघाली. तीन दिवसांत २.४.५१ काढावं लागलं! तेव्हा एकदा अपडेट करून हात झटकता येत नाहीत.

उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) अपाचेच्या आवृत्तीचा आकडा जुना दिसला तर घाबरू नका, उबुंटूवाले जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालून देतात. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनसाठी अपाचे वापरतं ती लायब्ररी, म्हणजे तयार कोड) अपडेट केल्यावर मात्र सर्व्हर रीस्टार्ट झालाय ना ते बघा, नाहीतर मेमरीत जुनीच लायब्ररी चालू राहते. मी स्वतः हे एकदा विसरलोय.