वॉशिंग मशीन लावले की एमसीबी पडते

प्रश्न : आमचे घर वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आहे. मागच्या पडवीत मोरीशेजारी गेल्या वर्षी फ्रंट लोडिंगचे वॉशिंग मशीन बसवले. त्याच बोर्डावर इस्त्री लावतो, पाण्याची १ अश्वशक्तीची मोटर तिथूनच चालते आणि उन्हाळ्यात कूलरही. हिवाळ्यात काही त्रास नव्हता; मार्चनंतर मात्र सगळे एकदम चालू असले की वीस-पंचवीस मिनिटांत १६ अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच) पडू लागली. वायरमनने तिच्या जागी ३२ अँपिअरची बसवून दिली. आता ती पडत नाही, पण बोर्ड गरम लागतो आणि करपल्यासारखा वास येतो. हे असेच चालू ठेवावे का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : मुळीच ठेवू नये. मेन स्विच बंद करून त्या बोर्डाची तपासणी होईपर्यंत तेथे काहीही लावू नका. करपल्याचा वास येतो याचा अर्थ कुठल्यातरी जोडावरचे प्लास्टिक जळू लागले आहे. मशीनचा प्लग काढून पाहिलात तर बहुधा त्याची एखादी पिन तपकिरी पडलेली आणि सॉकेटच्या त्या भोकाची कड पिवळट झालेली दिसेल.

आधी हिशेब मांडू. फ्रंट लोडिंगच्या मशीनमधील पाणी तापवणारा हीटर साधारण २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला त्याचे सुमारे पावणेनऊ अँपिअर होतात. १००० वॅटची इस्त्री सव्वाचारच्या पुढे, १ अश्वशक्तीची मोटर चालती असताना साडेपाच-सहा आणि कूलर जेमतेम एक. ढोबळ बेरीज वीसच्या आसपास जाते, आणि मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह खेचते तो वेगळाच. म्हणजे तुमची जुनी एमसीबी बिघडलेली नव्हती, ती आपले काम चोख करत होती.

हिवाळ्यात ती का पडली नाही, याचे कारण कूलर बंद होता एवढेच नाही. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकली की खटका सुटतो. घरगुती एमसीबीचे माप ३० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असतो, त्यात बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर असला तर ती पट्टी निम्मी तापूनच बसलेली असते आणि १६ अँपिअरची एमसीबी त्याहून कमी प्रवाहालाच पडू लागते.

आता ३२ अँपिअरच्या एमसीबीविषयी. भिंतीतली वायर सांभाळणे हे एमसीबीचे काम. मशीनची काळजी तिच्याकडे नाही. मानकाप्रमाणे बनवलेल्या ३२ अँपिअरच्या एमसीबीमधून ३६ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तरी तिने पडू नये, असेच अपेक्षित असते. तुमच्या पडवीत त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दीड किंवा फार तर अडीच एमएमची (म्हणजे तितक्या चौरस मिलिमीटर छेदाची) वायर असेल, आणि सॉकेट तर १६ अँपिअरचाच आहे. प्रवाह दीडपट झाला की वायरीतली उष्णता सव्वादोनपट होते, हे लक्षात घेतले तर बोर्ड का तापतो ते वेगळे सांगायला नको. वायरमनने तक्रार मिटवली, दोष तसाच ठेवला. आणि हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो की त्याला कोणी चूकही म्हणत नाही.

खरा उपाय म्हणजे मशीनसाठी मुख्य डीबीपासून (घरातल्या सगळ्या एमसीबी असलेल्या पेटीपासून) थेट स्वतंत्र लाइन ओढणे. फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची अशा तिन्ही वायरी तांब्याच्या आणि किमान अडीच एमएमच्या असाव्यात. डीबीपासून पडवीपर्यंतचे अंतर बरेच असेल तर चार एमएमची वायर घ्यावी, म्हणजे व्होल्टेज कमी पडणार नाही. या लाइनवर १६ अँपिअरची एमसीबी आणि एकच सॉकेट असावा, तोही मोरीचे पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर. मोटरची लाइनही वेगळी काढावी. इस्त्री घरातल्या दुसऱ्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर न्यावी. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. गिझर किंवा एसीही असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल. बोर्डातली जळकी वायर तेवढी कापून पुन्हा पिळून टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. सॉकेट बदला, आणि वायरीचे वेष्टन जिथपर्यंत कडक झाले असेल तिथपर्यंतची वायर बदला.

नवी लाइन झाल्यावरही उन्हाळ्यात हीटर लावायची फारशी गरज नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी आपसूकच एवढे तापते की मशीन थंड पाण्याच्या सेटिंगवर ठेवले तरी कपडे कोमट पाण्यातच धुतले जातात, आणि हीटरविना मशीनला काहीशे वॅटच लागतात.

प्रश्न : मशीन चालू असताना ओल्या हाताने त्याच्या पत्र्याला स्पर्श झाला की मुंग्या आल्यासारखे होते. पावसाळ्यात असे होत नव्हते. मशीन खराब आहे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी अर्थिंग तपासा. अनेक मशीनमध्ये विजेतील गोंगाट (नको असलेल्या लहरी) गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह पत्र्याकडे जातो आणि अर्थिंगवाटे जमिनीत उतरतो. अर्थिंग तुटले किंवा सुकले की तोच प्रवाह तुमच्या हाताची वाट धरतो. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते; पावसाळ्यात त्रास नसण्याचे कारण बहुधा हेच. खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि परवानाधारकाकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या. अर्थ ठीक असूनही झिणझिण्या राहिल्या, तर मात्र मशीनच्या आत गळती आहे असे समजून हीटर तपासून घ्यावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने हीटरवर थर बसतो, तो जास्त तापतो आणि त्याचे आवरण फुटू शकते.

डीबीमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) नसेल तर ती बसवून घ्या. एमसीबी अशा गळतीला पडत नाही. कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो म्हटले तर त्याला स्पष्ट नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनचा सगळा पत्राच फेजवर येईल.

प्रश्न : एक्स्टेन्शन बोर्ड लावून मशीन ओसरीत चालवले तर चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. बाजारातल्या बहुतेक एक्स्टेन्शन बोर्डांची वायर बारीक आणि सॉकेट ६ अँपिअरचे असतात; गुंडाळून ठेवलेली वायर तर आणखीच तापते. मशीन ओसरीतच हवे असेल तर तेथे पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे स्वतंत्र लाइनचा १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा.