त्या बेडवर लगेच दुसरा पेशंट आला

प्रिय सिस्टर,

कोविडच्या साथीत, आयसीयूमधल्या एका बाईंच्या शेवटच्या घटकेला तुम्ही त्यांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल हातात धरून उभ्या होतात. गॉगल आतून धुरकटलेला, डोळे पुसायचीही सोय नाही. फोन बंद झाला आणि थोड्याच वेळात त्या बेडवर दुसरा पेशंट आला. आता कुणी बरं होऊन घरी निघालं की स्टाफ टाळ्या वाजवतो आणि तुम्ही औषधांच्या खोलीत निघून जाता. आनंद झाला तर गेलेल्यांशी बेइमानी होईल, असं तुम्ही लिहिता.

बेइमानी अजिबात होत नाही. घरच्यांना रडायला, भेटायला येणाऱ्यांशी बोलायला थोडे तरी दिवस मिळतात. तुम्हाला पुढच्या शिफ्टला हँडओव्हर द्यायचा होता. ते रडणं राहून गेलंय, एवढंच.

तुमच्या वॉर्डातल्या वॉर्डबॉयदादांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ते गेले आणि त्यांचं लॉकर दुसऱ्याला दिलं. ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडने जगभरातले ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी गेले असावेत. त्यातल्या कितीजणांसाठी त्यांच्या वॉर्डात कुणाला दोन मिनिटं थांबता आलं असेल?

अमेरिकेतल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली. पेशंट गेला की सगळ्यांनी बेडभोवती मिनिटभर गप्प उभं राहायचं: गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठीही. तुमच्या इन्चार्जशी याबद्दल बोला. आणि त्या काळात ड्यूटीवर सोबत असलेल्या एखादीला गाठून वॉर्डबॉयदादांचं नाव मोठ्याने घ्या. ते कसे हसायचे, कुणाला काय म्हणून हाक मारायचे, ते आठवा. रडू आलं तर येऊ द्या.

एक मात्र टाळू नका. मॉनिटरचा अलार्म झोपेत ऐकू येऊन तुम्ही दचकून उठता, तेही कित्येक महिने. हे नुसत्या थकव्याचं लक्षण नाही. यावर उपचार आहेत, ते लागूही पडतात. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. एखाद्या पेशंटने हेच सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला थांबू दिलं नसतं.

आणि पुढच्या वेळी कुणी घरी निघालं, तर व्हीलचेअर तुम्ही न्या. टाळ्या नाही वाजवल्यात तरी चालेल.

तुमची,
ताई