राजीनामा द्यायचा, पण तारीख बघून

पत्र : ताई, मी 38 वर्षांची, डोंबिवलीला राहते. अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत 4 ऑक्टोबर 2021 पासून अकाउंट्सला आहे. हातात 41,000 पडतात, बेसिक 26,000. काम काय, तर दिवसभर पार्ट्यांना थकलेल्या बिलांसाठी फोन करायचे. जीव विटलाय. गेल्या दिवाळीत घरून 96 किलो फराळ विकला, त्यात 40 किलो नुसत्या चकल्या. 62,400 रुपये आले, सामान 27,000 चं, म्हणजे 35,400 सुटले. नणंद 12 दिवस मदतीला होती, काय मजा आली! मिस्टरांचा पगार 38,000, घराचा हप्ता 23,000, मुलगी आठवीत. सासूबाईंना शुगर आहे, त्या माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. मार्चचं क्लोजिंग झालं की राजीनामा देऊन फराळाचंच करावं म्हणते. मिस्टर म्हणतात, चकल्या तळून घर चालतं का? — फराळवाली

उत्तर : प्रिय फराळवाली,

घर चालतं का, ते मोजता येतं. आणि मोजणं तर तुमचंच काम, म्हणून आधी तुमच्या 35,400 कडे बघू.

त्यात नणंदेची मजुरी धरलेली नाही. दिवसाला 600 धरले तरी 12 दिवसांचे 7,200. ती दिवाळीला हौसेनं आली, आषाढात येणार नाही. अर्ध्या किलोचे 192 डबे, पिशवी आणि लेबलसकट 14 रुपयांना एक धरला तर जवळपास 2,700. गॅस, रिक्षा, तुटलेल्या चकल्या आणि चवीला म्हणून वाटलेलं सगळं मिळून साडेतीन हजार कुठेच गेले नाहीत. हाती राहिले 22,000, म्हणजे किलोमागे 230 रुपये. तुमचे नेमके आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण 35,400 नक्की नाहीत.

किलोमागे 230 नं 41,000 चा पगार भरून काढायला महिन्याला 178 किलो फराळ लागेल. एका कढईत एका घाण्याला आठ-नऊ चकल्या, घाण्याला आठ-दहा मिनिटं, म्हणजे तासाला जेमतेम किलोभर. लाडू-चिवडा यापेक्षा लवकर उरकतो, तरी 178 किलो एका बाईच्या आवाक्यातलं नाही.

पण 178 हे तुमचं लक्ष्यच नाही. तुमचा पगार गेला तर घराला नेमकं किती कमी पडतं, तेवढंच फराळानं आणायचं आहे. मिस्टरांच्या 38,000 मधून हप्ता गेला की 15,000 उरतात. एप्रिलपासून तीन महिने तुमचा पगार जमा होताच दुसऱ्या खात्यात टाका आणि घर त्या 15,000 वर चालवून बघा. कमी पडेल तेव्हाच तिकडून काढा आणि काढलेली रक्कम लिहून ठेवा. समजा महिन्याला 14,000 काढावे लागले, तर तुमचं लक्ष्य 61 किलो. हे जमण्यासारखं आहे, पण दर महिन्याला. शाळेची फी आणि सोसायटीचं वार्षिक बिल बाराने भागून त्या 14,000 मध्ये धरायला विसरू नका, नाहीतर जूनमध्ये गणित कोसळेल.

आता खरा प्रश्न : दिवाळी नसताना 61 किलो कोण घेणार? दिवाळीची चकली लोक मागायला येतात. जुलैत तुम्हाला विचारत जावं लागेल. म्हणून वर्षभराचं वेळापत्रक चकलीवर बांधू नका. श्रावणात उपवासाची भाजणी आणि राजगिऱ्याचे लाडू, थंडीत डिंकाचे लाडू, संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी. गणपती यंदा, म्हणजे 2026 मध्ये, 14 सप्टेंबरला आहेत. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी मिळतील, पण सगळ्यांना त्याच सकाळी गरम हवे असतात, त्यामुळे एकट्या बाईनं पहिल्या वर्षी दीडशेच्या वर घेऊ नयेत. वाळवणाला गच्ची आणि ऊन लागतं. फ्लॅटच्या बाल्कनीत धंद्यापुरत्या कुरडया होत नाहीत.

यंदा तुमच्या परीक्षेसाठी आयता महिना आलाय. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाच्या वाणाला 33 अनारसे लागतात आणि हल्ली घरी पीठ करायला फार जणी धजावत नाहीत. दिवाळीबाहेर तुमच्या हाताला गिऱ्हाईक आहे का, ते या तीस दिवसांत कळेल. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मिळून 25 वाणांच्या ऑर्डरी पुऱ्या करा, म्हणजे 825 अनारसे. त्यातल्या निम्म्या तरी अशा लोकांकडून यायला हव्यात ज्यांच्याशी तुमचं नातं नाही, ऑफिस नाही, जिना नाही. ओळखीचे एकदा कौतुकानं घेतात. अनोळखी माणूस परत आला तर तो धंदा.

अनारसा सोपा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत सुकवायचे आणि किंचित ओलसर असतानाच दळायचे. पीठ-गूळ वजनाला साधारण सारखे, आणि मळलेला गोळा आठवडाभर मुरू द्यायचा. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओलं राहिलं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. त्यावर थोडं तांदळाचं पीठ मळून घ्यायचं. जाळी पडत नसेल तर गोळा कोरडा आहे, दुधाचा हात लावा. म्हणून प्रत्येक गोळ्याचा आधी एकच अनारसा तळून बघायचा, मग बाकीचे. चकलीचंही तसंच : मोहन जास्त झालं तर ती तेलात सुटते, कमी पडलं तर दाताला लागते, आणि तेल फार तापलेलं असेल तर वरून लाल, आतून ओली राहून तिसऱ्या दिवशी मऊ पडते. घरच्यांसाठी हे चालतं. पैसे घेतल्यावर तो घाणा वाया गेलेला माल असतो आणि तो किमतीत धरावा लागतो. गरम चकली डब्यात भरून झाकण लावण्याची घाई करू नका, वाफ धरते. सगळ्यात जास्त तक्रारी त्यातूनच येतात.

कागदपत्रांचंही बघा. घरून विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या धंद्याला तिचं शुल्क थोडकंच असतं, तेव्हा टाळण्यासारखं काही नाही. नोंदणीचा 14 अंकी नंबर, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह डब्यावर हवं. आणि घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून आत्ताच किलोच्या हिशेबात धरा.

आता राजीनाम्याची तारीख. एप्रिलमध्ये सोडलीत तर नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी ग्रॅच्युइटी बुडेल. पाच वर्षं पुरी झाली की शेवटच्या बेसिकला 15 नं गुणून 26 नं भागायचं आणि वर्षांनी गुणायचं : तुमचे वर्षाला 15,000, पाच वर्षांचे 75,000. कंपनीचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा असेल तर 10 ऑगस्टला पत्र द्या. शेवटचा दिवस 9 ऑक्टोबर येतो, पाच वर्षं भरतात आणि 8 नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला पुरा महिना हातात राहतो. नोटीस विकत घेऊन लवकर मोकळं करतो असं कंपनी म्हणाली तर आधी तारखा मोजा. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. सासूबाईंसाठी वेगळी पॉलिसी मात्र आजच घ्या, शुगर न लपवता. आधीच्या आजारांचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तो काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. त्यातले काही महिने तरी कंपनीच्या छत्राखाली जातील. घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं मनात असेल तर तेही पगाराच्या स्लिपा चालू असतानाच. नंतर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही अकाउंट्सला विटलेल्या नाहीत, वसुलीच्या फोनला विटल्या आहात. फराळात ते फोन सुटणार नाहीत. ‘डबा देऊन जा, जीपे करते’ म्हणणाऱ्या शेजारणीला तिसऱ्यांदा आठवण करणं कंपनीच्या पार्टीला फोन करण्यापेक्षा अवघड आहे, कारण ती लिफ्टमध्ये भेटते. निम्मे पैसे ऑर्डरीला आणि उरलेले डबा देताना, हा नियम पहिल्या गिऱ्हाइकापासून ठेवा, नणंदेच्या सासरच्यांनाही. शिवाय क्लोजिंग झाल्यावर साहेबांना एकदा विचारा, पर्चेस किंवा जीएसटीच्या टेबलावर बदली मिळते का. तिथे सहा महिन्यांत चीड ओसरली तर फराळ दिवाळीपुरता ठेवूनही तुमचं चांगलं चालेल, आणि त्यात काही कमीपणा नाही.

जुलैअखेर वही उघडा. सुट्टीच्या दिवसांत मिळून महिन्याला 30 किलो सहज गेले असतील, वेळ नाही म्हणून ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या असतील आणि सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे 1,38,000, बाजूला पडले असतील तर 10 ऑगस्टचं पत्र लिहा. यातलं एक जरी नसेल तर यंदाची दिवाळीही रजा टाकूनच करा. मिस्टरांना वही दाखवा, वाद घालू नका.

अनारशाचं पीठ मुरायला वेळ लागतो. 17 मेच्या वाणांसाठी तांदूळ 4 मेला भिजत घाला.