वाचकांचे प्रश्न : ओपनफोम, स्कूटर आणि तुटणारी कंस-पट्टी

प्रश्न : मी सांगलीत यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाचे गणित करणारा मुक्त प्रोग्राम) शिकायचे म्हणून त्यासोबत मिळणारे मोटरसायकलचे उदाहरण मी चालवले आणि छान रंगीत चित्र मिळाले. त्यानंतर मोटरसायकलच्या जागी मी स्वतः काढलेले स्कूटरचे मॉडेल ठेवले, तर दोन-तीन पायऱ्यांतच 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन' असे लिहून गणित बंद पडते. लॅपटॉप ८ जीबीचा आहे. दोन महिने यात गेले. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की कुठेतरी शून्याने भागाकार झाला किंवा एखादा आकडा संगणकाच्या आवाक्याबाहेर गेला. गणित जिथे थांबते तिथे मूळ दोष क्वचितच असतो. तो बहुधा मेशमध्ये (जागेचे लहान घरांत केलेले विभाजन) किंवा सीमाअटींमध्ये (कडांवर वेग, दाब काय असेल हे सांगणाऱ्या अटी) असतो. तुमच्या बाबतीत पहिला संशय मी एककांवर घेईन. कॅडमधून (मॉडेल काढण्याच्या प्रोग्राममधून) बाहेर काढलेली एसटीएल फाईल (वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांत साठवणारी) सहसा मिलिमीटरमध्ये असते, पण तिच्यात एककाची नोंदच नसते, आणि ओपनफोम ते आकडे मीटर समजून वाचतो. म्हणजे तुमची पावणेदोन मीटरची स्कूटर त्याच्या लेखी पावणेदोन किलोमीटरची होते आणि तिच्याभोवतीचा हवेचा चौकोन तिच्या पोटात मावतो. 'सरफेसचेक' ही आज्ञा दिल्यास मॉडेलच्या कडांचे सहनिर्देशक दिसतात, त्यावरून हे मिनिटभरात कळेल. त्यानंतर मेशचे दोष तपासणारी 'चेकमेश' ही आज्ञा चालवा आणि त्याच्या अहवालाची शेवटची ओळच नव्हे, तर सगळा अहवाल वाचा.

एवढे करून स्कूटर चालेलही. तरीही माझा आग्रह आहे की ती काही आठवडे बाजूला ठेवावी, कारण उद्या तिच्यावरील वाऱ्याचा रोध म्हणून जो आकडा येईल तो बरोबर की चूक हे ठरवायला तुमच्या हाती आज काहीच साधन नाही. बंद पडणारे गणित निदान प्रामाणिक असते. व्यवस्थित चालून चुकीचे उत्तर देणारे गणितही तितकेच सुंदर चित्र काढते.

सुरुवात 'कॅव्हिटी' या उदाहरणापासून करावी. ०.१ मीटर बाजूचा एक चौकोनी डबा, त्याचे झाकण सेकंदाला १ मीटर वेगाने सरकते आणि आतला द्रव त्याच्यासोबत फिरू लागतो, एवढाच त्याचा विषय. मेश २० गुणिले २० घरांची आणि रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) अवघा १०, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर हे गणित चहा गाळेपर्यंत संपते. फोल्डर तीनच : 'शून्य'मध्ये सुरुवातीची स्थिती आणि सीमाअटी, 'कॉन्स्टंट'मध्ये द्रवाचे गुणधर्म आणि मेश, 'सिस्टम'मध्ये वेळेची पायरी व गणितपद्धती. या फाईली नुसत्या उघडून पाहू नका, मुद्दाम बिघडवा. एक अर्धविराम काढून टाका, एखाद्या सीमेचे नाव बदला, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय उमटते ते वहीत लिहून ठेवा. मग मेश ४० गुणिले ४० करा, पण वेळेची पायरी ०.००५ सेकंदच राहू द्या : मूळ उदाहरणात १ च्या आसपास असलेला कूरांट अंक आता २ कडे जाईल. एका पायरीत द्रव किती घरे ओलांडतो, हे सांगणारा तो अंक आहे. घर निम्मे केले की पायरीही निम्मी करावी लागते, हे सूत्र पाठ करण्यापेक्षा असे पाहिलेले जास्त लक्षात राहते.

दुसरे गणित मात्र स्वतः रचा, आणि असे रचा की त्याचे उत्तर कागदावर आधीच आलेले असेल. एकमेकींपासून १ सेंटिमीटर अंतरावर असलेल्या, २० सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर पट्ट्या घ्या आणि त्यांमधून सेकंदाला १ सेंटिमीटर सरासरी वेगाने पाणी सोडा. पाण्याची गतिज श्यानता (चिकटपणा भागिले घनता) ०.०००००१ चौरस मीटर प्रति सेकंद धरली तर रेनॉल्ड्स अंक १०० येतो, म्हणजे प्रवाह शांत, थराथरांचा. सुरुवातीचे सुमारे ५ सेंटिमीटर सोडले की पुढे वेगाची आकृती परवलयाची व्हायला हवी, मध्यभागी वेग सरासरीच्या दीडपट, म्हणजे १.५ सेंटिमीटर प्रति सेकंद भरायला हवा आणि दर मीटरला दाब १.२ पास्कलने उतरायला हवा. तुम्हाला मात्र दाबाचा उतार ०.००१२ दिसेल. घाबरू नका. घनता स्थिर धरणाऱ्या 'आयकोफोम'सारख्या सॉल्व्हरमध्ये (समीकरणे सोडवणाऱ्या, ओपनफोममधल्या प्रोग्राममध्ये) दाब घनतेने भागूनच लिहिलेला असतो. त्याला पाण्याच्या १००० या घनतेने गुणले की हिशेब जुळतो. पंपाच्या दाबाचा अहवाल हजारपट चुकवलेले अभियंते मी पाहिले आहेत, आणि त्यात एकदा मीही होतो.

आणखी एक अडचण, जिच्यात नवशिक्यांचा फार वेळ जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये उगम पावलेला हा प्रोग्राम २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. पण आज त्याच्या दोन प्रमुख शाखा आहेत. एकीच्या आवृत्त्यांना ११, १२ असे साधे आकडे असतात, तर दुसरीच्या आवृत्त्यांना २३१२ सारखे वर्ष-महिन्याचे. पहिलीने २०२३ च्या ११ व्या आवृत्तीपासून बरेचसे सॉल्व्हर 'फोमरन' या एकाच आज्ञेखाली आणले, त्यामुळे एका शाखेसाठी लिहिलेला धडा दुसरीत जसाच्या तसा चालत नाही. कोणतीही एक निवडा आणि वर्षभर ती बदलू नका. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवून काम भागते. मुंबईच्या आयआयटीतील, मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा फॉसी प्रकल्प ओपनफोमसाठी मदत करतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे या विषयाचे छोटे धडे विनामूल्य आहेत. ८ जीबीत दहा लाख घरांपर्यंतची गणिते ढोबळमानाने बसतात. शिकण्यासाठी त्याच्या दहाव्या भागाचीही गरज पडत नाही.

प्रश्न : कोल्हापुरात आमचा लहान कारखाना आहे. फ्रीकॅड या मॉडेल काढण्याच्या मुक्त प्रोग्राममधून कॅलक्युलिक्स हा ताणाचे गणित करणारा प्रोग्राम वापरून एका काटकोनी कंस-पट्टीवरील (ब्रॅकेटवरील) ताण काढला. मेश बारीक करत गेलो तसा आतल्या कोपऱ्यातला ताण १८०, २६०, ३९० मेगापास्कल असा वाढतच गेला. यातला खरा आकडा कोणता?

उत्तर : एकही नाही. तुम्ही चित्रात आतला कोपरा धारदार काढला असणार. अशा कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धांतानुसारच ताण अनंत येतो, त्यामुळे मेश जितकी बारीक कराल तितका आकडा चढत जाईल. प्रत्यक्ष ओतकामात तिथे २-३ मिलिमीटरची गोलाई असतेच. ती चित्रात काढा, त्या वळणावर पुरेशी घरे द्या, म्हणजे आकडा एका जागी स्थिरावेल.

त्याआधी एक पडताळणी जरूर करा. १० गुणिले १० मिलिमीटर छेदाची, १०० मिलिमीटर लांबीची पोलादी पट्टी एका टोकाला घट्ट धरून दुसऱ्या टोकावर १०० न्यूटन भार द्या. स्थितिस्थापकता-गुणांक २,१०,००० मेगापास्कल धरल्यास टोक ०.१९ मिलिमीटर खाली यायला हवे आणि मुळापाशी वाकण्याचा ताण ६० मेगापास्कल हवा. ताण पाहताना अगदी पकडलेल्या कडेवरचा आकडा घेऊ नका. तिथेही तुमच्या कोपऱ्यासारखाच प्रकार होतो. टोक बरेच कमी वाकलेले दिसले, तर तुम्ही मेशमध्ये पहिल्या क्रमाचे (फर्स्ट ऑर्डर) चतुष्फलक, म्हणजे चार पृष्ठांची साधी घरे, वापरले आहेत असे समजा. ते वाकताना खऱ्या वस्तूपेक्षा ताठर वागतात. मेशच्या रचनेत दुसऱ्या क्रमाचे (सेकंड ऑर्डर) निवडून पुन्हा चालवा.

प्रश्न : नोकरीच्या जाहिरातींत महागड्या व्यापारी सॉफ्टवेअरचीच नावे असतात. मग हे मुक्त प्रोग्राम शिकण्यात वेळ घालवावा का?

उत्तर : घालवावा, पण जाहिरातीकडे पाठ फिरवून नव्हे. कॅलक्युलिक्सच्या इनपुट फाईलची मांडणी अबाकस या व्यापारी प्रोग्रामशी बरीच जुळती आहे, त्यामुळे एक हाताने लिहिता येऊ लागली की दुसरी वाचता येते. मुलाखतीला जाताना रंगीत चित्रांऐवजी वरच्या पट्ट्यांचे किंवा पोलादी पट्टीचे एक पान न्या : कागदावरचे उत्तर, तीन वेगवेगळ्या मेशवर आलेली उत्तरे आणि त्यांतला फरक. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्यापारी सॉफ्टवेअरचा परवाना असेल, तर तेच गणित तिथेही एकदा सोडवून चौथा आकडा त्याच पानावर लिहा.