वाचक विचारतात : ऑइल प्रेशर आणि रिलीफ व्हॉल्व्ह

प्रश्न : माझी 1967ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, इंजिन 1798 सीसी. सकाळी थंड इंजिनवरही ऑइल प्रेशरचा काटा 45 पाउंडांच्या (दर चौरस इंचाला) पुढे सरकत नाही. गरम झाल्यावर हायवेला 40 आणि स्लोवर (उभ्या गाडीत, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) 15 दाखवतो. इथले एक मेकॅनिक इंजिन उघडून बेअरिंग टाकायला सांगतात. उघडू का? – लेस्टर, इंग्लंड

उत्तर : एवढ्यात नको. तुमचे आकडे बेअरिंगकडे बोट दाखवत नाहीत. या इंजिनाला गरम असताना स्लोवर 10 ते 25 आणि चालताना 50 ते 80 पाउंड प्रेशर अपेक्षित आहे. म्हणजे तुमचा स्लोचा आकडा ठीक आहे, वरचा मात्र अडलाय. बेअरिंग झिजली असती तर उलटं दिसलं असतं : सकाळी जाड ऑइलवर काटा भरपूर चढला असता आणि गरम झाल्यावर स्लोवर कोसळला असता. थंड इंजिनवरही काटा एका ठरावीक जागी थांबतो, तेव्हा पहिला संशय रिलीफ व्हॉल्व्हवर घ्यायचा. तो प्रेशर तयार करत नाही. 70च्या आसपास उघडून जास्तीचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात सोडतो, इतकंच त्याचं काम. स्प्रिंग थकली की तो 45लाच उघडतो.

आधी दुसरा, खात्रीचा मेकॅनिकल गेज लावून काटा खरं बोलतोय ना ते बघा. मग ऑइल बदलायच्या वेळीच हे काम काढा. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाला घुमटाच्या आकाराचा षटकोनी नट दिसेल. एक्झॉस्टचा पाइप जवळूनच खाली जातो, म्हणून इंजिन निवू द्या. नटावर नेमका बसणारा इंची रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. पक्कडीने कडा गोल झाल्या की पुढे फार त्रास होतो. शेवटचे आटे हाताने सोडवा, आत स्प्रिंग दाबलेली असते. नट आणि स्प्रिंग निघतात, वाटीसारखा व्हॉल्व्ह बहुधा आतच राहतो. लाकडाची निमुळती काडी वाटीत घट्ट रोवून सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, बोअरला, म्हणजे ब्लॉकमधल्या त्याच्या भोकाला, ओरखडा पडला तर व्हॉल्व्ह तिथेच अडकेल.

स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा, 76 मिमी हवी. लांबी बरोबर असूनही स्प्रिंग मऊ पडलेली असू शकते, म्हणून भारही तपासा. वजनकाट्यावर उभी धरून 54.8 मिमीपर्यंत दाबल्यावर साधारण 7 ते 7.5 किलो दाखवायला हवेत. कमी भरले तर नवीन टाका. जुनी ताणून लांब केलेली स्प्रिंग थोड्या दिवसांत पुन्हा बसते.

आता वाटी उजेडात धरून तिचं बंद तोंड बघा. बंद होताना ती ब्लॉकमधल्या ज्या कडेवर, म्हणजे सीटवर टेकते, तिथे सलग, बारीक, चकचकीत कडं दिसलं पाहिजे. कडं मध्येच तुटलं असेल किंवा नखाला पायरी लागत असेल तर वाटी बदला. नव्या वाटीला निळा रंग लावून सीटवर टेकवा आणि ठसा पूर्ण गोल उमटतो का पाहा. उमटला नाही तर सीट घासावी लागेल. त्यासाठी बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या गाडीची तेव्हाची कंपनी) 18जी69 हे खास हत्यार आहे. सर्वांत बारीक ग्राइंडिंग पेस्ट काडीच्या टोकाएवढीच घ्या आणि अर्धे वेढे मागे-पुढे फिरवा. नंतर पांढरं फडकं रॉकेलात बुडवून आत फिरवत राहा, ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. यात घाई केली तर उरलेली पेस्ट नवी बेअरिंगसुद्धा खाईल.

बसवताना वाटीला ऑइल लावा. बंद तोंड आत, उघड्या तोंडात स्प्रिंग, नटाखाली दोन्ही फायबर वायसर नवे. वाटी बोअरमध्ये आपल्या वजनाने सरकली पाहिजे. मग नवं ऑइल-फिल्टर टाकून, कॉइलची मधली वायर काढून, काटा उठेपर्यंत सेल्फ मारा. त्यानंतरच इंजिन चालू करा. एवढं करूनही काटा 45लाच थांबला, तर पंपाकडे वळा.

प्रश्न : माझ्या 1489 सीसी पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडरचा ऑइलचा दिवा गरम असताना स्लोवर लुकलुकतो. मिस्त्री म्हणतात, स्प्रिंगमागे वायसर टाकून प्रेशर वाढवू. – कराड

उत्तर : टाकू देऊ नका. तुमचं इंजिनही वरच्या एमजीबीसारखं बीएमसीच्या बी-सिरीज कुळातलं, त्यामुळे व्हॉल्व्हचं गणित तेच. गरम इंजिन स्लोवर असताना प्रेशर आधीच कमी असतं, व्हॉल्व्ह बंदच असतो. बंद दरवाजा आणखी जोराने दाबून काय मिळणार? दिवा लुकलुकतच राहील, आणि सकाळी थंड ऑइलचं प्रेशर मात्र नको तितकं चढेल. मग फिल्टरच्या सीलमधून गळती सुरू होते, पंप फिरवणाऱ्या गिअरवर ताण येतो. व्हॉल्व्ह दोषी असायची नेहमीची वाट एकच : सीटवर कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहणं. तो एकदा काढून साफ करून बघा. सोबत दिव्याचा स्विच तपासा, ऑइल फार पातळ झालंय का तेही पाहा. एवढ्यानेही गेजवर प्रेशर कमीच आलं, तर बेअरिंग आणि पंप उघडून मापं घ्यावीच लागतील.

प्रश्न : घुमटाच्या नटातून ऑइल पाझरतं. सिलिकॉन लावू का? – नाशिक

उत्तर : नको. सुटलेला तुकडा चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीवर बसतो. जुने वायसर कडक झालेत. दोन्ही बदला, बसायची जागा पुसून घ्या आणि नट बेताने आवळा, नाहीतर फायबर फाटतं.