मॉडबस टॅग: आधी एकच जुळवा
मॉडबसवरून (उपकरणांची आकडे देण्याघेण्याची पद्धत) मीटर वाचताना सॉफ्टवेअरमध्ये एकदम सगळे टॅग (प्रत्येक मूल्याची नोंद) टाकू नका. ज्याचा आकडा मीटरच्या डिस्प्लेवर दिसतो असा एकच घ्या, उदाहरणार्थ व्होल्टेज. तो जुळला की निम्मं काम झालं.

नवे लोक हमखास अडकतात ते इथे:

- पत्ता: मॅन्युअलमधल्या होल्डिंग रजिस्टर (मूल्य ठेवायचा 16 बिटचा कप्पा) 40001 चा पत्ता प्रत्यक्ष संदेशात 0 असतो. शेजारचं मूल्य येत असेल तर एकने मागेपुढे करून पाहा.
- फंक्शन कोड (कुठल्या प्रकारचं रजिस्टर वाचायचं ते सांगणारा क्रमांक): होल्डिंगला 3, इनपुट रजिस्टरला (30001 पासून) 4.
- डेटा टाइप: 32 बिटचा फ्लोट (दशांश संख्या) दोन रजिस्टर घेतो. 17254 आणि 0 असे सुटे आकडे दिसले तर घाबरू नका, ते मिळून 230.0 आहेत. फ्लोट लावूनही शून्यच दिसलं तर वर्ड ऑर्डर (दोन रजिस्टरांचा क्रम) उलटी करा.

ब्लॉक रीड (अनेक रजिस्टर एकदम वाचणं) वगैरे सध्या राहू द्या. पहिला टॅग जमला नाही तर मॅन्युअलमधली रजिस्टरची ओळ इथे टाका, मिळून बघू.